कॅप्सूलचं दुसरं काम

जानेवारीत बहिणीच्या घरची लोखंडी पेटी उघडली, तर तिच्या सासूबाईंच्या लुगड्यांच्या घडीखाली हायड्रॉक्सीयुरियाच्या तीन स्ट्रिपा निघाल्या. एकही कॅप्सूल फोडलेली नव्हती. बाजूच्या खोलीत माझी भाची गोधडीत मुटकुळं करून पडली होती, दोन्ही नडग्या हातांनी आवळून. ती रडत नव्हती. रडलं की अंग हलतं आणि अंग हललं की जास्त ठणकतं, हे सिकलसेल या रक्ताच्या जन्मजात आजाराच्या लेकरांना लवकर कळतं. दातांत ओढणीचं टोक धरून ती नुसती आढ्याकडे बघत होती.

"मीनंच ठेवल्या," सासूबाई म्हणाल्या. त्यांना काही लपवायचं नव्हतं. "मोठ्या पोट्ट्यानं मोबाईलवर पायलं. हे कॅन्सरची गोयी होय म्हने. लेकराले कॅन्सर नाई, सिकल हाय. मंग कॅन्सरची गोयी कायले द्याची?"

मला राग आला होता, पण तो त्यांच्यावर टिकला नाही. प्रश्न बरोबर होता आणि त्याचं उत्तर आधीच द्यायला हवं होतं ते मी. पांढरकवड्याच्या अलीकडे, हायवे सोडून आत गेलं की आमचं गाव. तिथे माझं मेडिकल आहे. यवतमाळला बी.फार्म. केलं आणि १६ वर्षं झाली काउंटरमागे उभा आहे. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या त्या कॅप्सूल मीच बहिणीच्या हातात ठेवल्या होत्या. एक दिवसाआड, जेवण झाल्यावर, पाणी भरपूर, दर महिन्याला रक्त तपासायचं, सगळं नीट सांगितलं होतं. हे औषध मुळात कशाचं आणि हिला कशासाठी, हे मात्र सांगितलं नव्हतं. ते सांगायला दोन मिनिटं लागली असती.

त्या रात्री गाडी करून तालुक्याला नेलं. सलाईन, दुखण्याची सुई, अंगावर दोन ब्लँकेट. चौथ्या दिवशी घरी आणली. पाचव्या दिवशी मी दुकान दुपारी बंद केलं आणि सासूबाईंसमोर जाऊन बसलो.

"मावशी, पऱ्हाटी कशासाठी लावता?"

"कापसासाठी. हे काय इचारनं झालं?"

"अन् सरकी?"

"तेलाले, ढेपीले."

"अन् कापूस वेचून झाला की उभ्या पऱ्हाट्या?"

"चुलीत."

"एकाच झाडाची तीन कामं. या गोळीचंही तसंच आहे. कॅन्सर हे तिचं पहिलं काम. सिकल हे दुसरं."

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "पऱ्हाटी चुलीत जयते हे आपल्या डोयानं दिसते, बापू. हे कोनं पायलं?"

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेलेला नाही. हे कोणी पाहिलं? आज जगभर कॉम्प्युटरला जुन्या औषधांची नवी कामं शोधायला बसवलंय, त्याबद्दल मी गेली चार-पाच वर्षं मिळेल ते वाचतो आहे. पण त्या बातम्यांचा अर्थ मला खऱ्या अर्थाने लागला तो मावशींनी विचारल्यावर.

हायड्रॉक्सीयुरियाचंच घ्या. हा पदार्थ जर्मनीत पहिल्यांदा तयार झाला १८६९ साली. तेव्हा त्याचं काही कामच नव्हतं. पुढे जवळपास शंभर वर्षांनी, १९६७ मध्ये, अमेरिकेत तो कॅन्सरवर मंजूर झाला. रक्ताच्या कॅन्सरमध्ये पेशी भराभर वाढतात, त्यांना वाढायला लागणारा कच्चा माल हे औषध अडवतं. इथवरची कथा वेगळी. सिकलसेलची कथा सुरू होते १९४८ मध्ये. जॅनेट वॉटसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरीणबाईंनी नवजात बाळांचं रक्त पाहिलं. ज्यांना पुढे सिकलसेलचा त्रास होणार त्या बाळांच्या रक्तातही जन्माच्या वेळी विळ्यासारख्या वाकड्या पेशी फार थोड्या दिसत होत्या. बाळाच्या रक्तात आईच्या पोटातलं वेगळं हिमोग्लोबिन असतं, एचबीएफ म्हणतात त्याला. सिकलचं हिमोग्लोबिन ऑक्सिजन सोडल्यावर एकमेकांना चिकटून लांब साखळ्या करतं आणि त्या साखळ्यांनी पेशी वाकते. एचबीएफ मध्ये आलं की साखळी तुटते. जन्मानंतर काही महिन्यांत एचबीएफ ओसरतं आणि मग दुखणं डोकं वर काढतं.

हे वाचलं तेव्हा मला माझी आई आठवली. भाचीचं निदान व्हायच्या आधी ती सारखी म्हणायची, "सहा महिने पोट्टी कशी टवटवीत होती, नंतरच कोनाची नजर लागली." नजर नव्हती लागली, पण आईनं पाहिलेलं खरं होतं. वॉटसनबाईंनी जे भिंगाखाली पाहिलं तेच आईनं पाळण्यात पाहिलं. फरक एवढाच, की एकीनं ते लिहून ठेवलं.

पुढचे धागे जुळायला मात्र फार वर्षं लागली. पेशींची वाढ रोखणारी कॅन्सरची काही औषधं एचबीएफ पुन्हा वाढवतात, हे १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला लक्षात आलं. १९८४ मध्ये हायड्रॉक्सीयुरियानं सिकलसेलच्या रुग्णांत एचबीएफ वाढल्याचं छापून आलं. मग अमेरिका आणि कॅनडात २९९ प्रौढ रुग्णांची मोठी चाचणी झाली. तिचा निकाल १९९५ मध्ये आला. औषध न मिळालेल्यांना वर्षाला दुखण्याचे साडेचारच्या आसपास झटके येत होते, औषध घेणाऱ्यांना अडीचच्या आसपास. फायदा इतका उघड दिसला, की चाचणी ठरल्या वेळेआधीच थांबवली. १९९८ मध्ये मंजुरी मिळाली. १९४८ ते १९९८. पाळण्यातली खूण आणि कॅप्सूल यांची गाठ पडायला बरोबर ५० वर्षं लागली. आणि औषध त्यातली ३० वर्षं दुकानात होतं.

त्या ५० वर्षांत आमच्या गोंड-कोलाम-परधानांच्या पोडांवर, दलित वस्त्यांत, तेली-कुणब्यांच्याही काही घरांत किती लेकरं "हाडं फुटतात" म्हणत गेली असतील, याचा मी विचार करतो आणि मग दुकानात मन लागत नाही.

मावशींना मी दुसरं उदाहरण दिलं ते कुष्ठरोगाचं. आमच्याकडे ते कुणाला परकं नाही. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी १९३६ मध्ये कुष्ठसेवा सुरू केली, वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांचं आनंदवन आहे, अमरावतीला तपोवन आहे. मावशींच्या माहेरच्या एक काकू उपचार घ्यायच्या आणि गोळ्यांनी त्यांचं अंग तांबूस-काळं पडलं होतं. तो रंग क्लोफाझिमिनचा. हे औषध १९५०च्या दशकात आयर्लंडमध्ये क्षयरोगासाठी बनवलं होतं. क्षयावर त्याचा उपयोग दिसला नाही. कुष्ठरोगावर मात्र ते चाललं आणि त्या आजाराच्या तीन औषधांच्या पाकिटात जाऊन बसलं. आता औषधांना न जुमानणाऱ्या क्षयरोगात तेच क्लोफाझिमिन पुन्हा वापरतात. थॅलिडोमाइडचं तर याहून आश्चर्य. गरोदर बायांनी घेतल्यामुळे ज्या औषधानं हजारो बाळं हातापायांविना जन्मली, तेच १९६४ मध्ये जेरुसलेममध्ये डॉ. जेकब शेस्किन यांनी कुष्ठरोगाच्या एका रुग्णाला केवळ झोप यावी म्हणून दिलं आणि त्याच्या अंगावरच्या दुखऱ्या गाठी उतरल्या. डॉक्टर झोप देत होता आणि दिसलं भलतंच. त्यानं ते पाहिलं न पाहिल्यासारखं केलं असतं, तर?

जुन्या औषधांची नवी कामं आजवर बहुतेक अशीच सापडली. कुणाचं तरी लक्ष होतं म्हणून.

आता कॉम्प्युटर यात काय करतो, हे मी मावशींना त्यांच्याच भाषेत सांगायचा प्रयत्न केला. आमच्या आईची एक आत्या होती, सोयरीक जुळवण्यात तिचा हात धरणारा कुणी नव्हता. तिच्या डोक्यात चार तालुके होते. मुलगा वणीचा, त्याची मावशी मारेगावला दिलेली, तिची नणंद घाटंजीत, त्या नणंदेच्या शेजारचं घर चांगलं, पोरगी शिकलेली, शेती ओलिताची. या दोन घरांनी एकमेकांचं नावही ऐकलेलं नसायचं. आत्या धाग्यानं धागा धरत जायची आणि म्हणायची, पाहून तर या.

कॉम्प्युटरला असंच एक जाळं देतात. एका बाजूला औषधं, दुसऱ्या बाजूला आजार आणि मधे शरीरातली प्रथिनं, जनुकं, लक्षणं, दुष्परिणाम. हे औषध अमुक प्रथिनाला अडवतं, ते प्रथिन तमुक जनुकातून येतं, ते जनुक बिघडलं की हा आजार होतो. लाखो संशोधन निबंधांतून आणि तक्त्यांतून असे धागे वेचून एका जागी बांधलेले असतात. मग यंत्राला शिकवतात. माहीत असलेल्या काही जोड्या त्याच्यापासून लपवायच्या आणि विचारायचं, सांग बरं, या औषधाची गाठ कुणाशी असेल? चुकलं की सुधारायचं. असं असंख्य वेळा. हळूहळू प्रत्येक औषधाची आणि आजाराची ओळख त्याच्या शेजाऱ्यांवरून, आणि शेजाऱ्यांच्या शेजाऱ्यांवरून, यंत्राला ठरवता येऊ लागते. ज्या आजारावर एकही औषध नाही, त्याच्यासाठी ते त्याच्यासारखे दुसरे आजार बघतं आणि तिकडून अंदाज उसना आणतं.

हार्वर्डच्या मारिंका झिट्निक यांच्या गटाचं टीएक्सजीएनएन नावाचं असं यंत्र २०२४ मध्ये जाहीर झालं. त्यात १७,०८० आजार आणि ७,९५७ औषधं आहेत. मी मोबाईलवर गुणाकार केला. साडेतेरा कोटींहून जास्त जोड्या होतात. आत्याच्या चार तालुक्यांपुढे हे केवढं, याचा अंदाज करा. एखादा डॉक्टर रोज शंभर जोड्यांचा विचार करायला बसला तरी त्याला साडेतीन हजारांहून जास्त वर्षं लागतील. मला त्यातली आवडलेली गोष्ट दुसरीच आहे. हे यंत्र नुसतं नाव सांगून थांबत नाही, त्या नावापर्यंत कुठल्या धाग्यांवरून आलं तेही दाखवतं. म्हणजे डॉक्टर तो धागा हातात घेऊन ओढून बघू शकतो, पक्का आहे की कच्चा.

हे सांगताना मी मधेच थांबलो, कारण बहीण दारात उभी राहून ऐकत होती. तिची सोयरीक त्याच आत्यानं जुळवली होती. घर चांगलं, माणसं चांगली, जवाई निर्व्यसनी. दोघांचंही रक्त 'एएस' आहे, म्हणजे दोघेही सिकलचे वाहक आहेत, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. दोघे वाहक असले की प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता 'एसएस'ची, म्हणजे प्रत्यक्ष आजाराची. आत्याच्या जाळ्यात तो एक धागा नव्हता. भाचीच्या निदानानंतर आम्ही सगळ्यांनी तपासणी केली, मीही वाहक निघालो. जो धागा जाळ्यात नसतो तो किती महागात पडतो, हे आमच्या घराला कुणी वेगळं सांगायला नको.

याच वाटेनं वाचलेल्या एका माणसाची गोष्टही मी बहिणीला सांगितली. डेव्हिड फाय्गेनबॉम, अमेरिकेत डॉक्टरकीचा विद्यार्थी असताना कॅसलमन नावाच्या दुर्मीळ आजारानं पाच वेळा मरणाच्या दारात जाऊन आला. त्यानं स्वतःच्याच रक्ताचे जुने नमुने तपासले, कुठली यंत्रणा बेभान झालीय ते शोधलं आणि किडनी बदललेल्या रुग्णांना देतात ते सिरोलिमस २०१४ मध्ये घ्यायला सुरुवात केली. तो आजही उभा आहे. २०२२ मध्ये त्यानं एव्हरी क्युअर नावाची संस्था काढली. सगळी मंजूर औषधं आणि सगळे आजार यंत्रासमोर ठेवून जोड्या लावायच्या, हे तिचं मुख्य काम. बहिणीनं विचारलं, "त्याले आपल्या पोरीसारखं दुखे का?" मी म्हटलं, वेगळं, पण मरणाचंच.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण ती मी काउंटरवर उभं राहून पाहिली आहे.

२०२० चा उन्हाळा. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन कोरोनावर चालतं अशी हवा उठली. एका आठवड्यात माझ्याकडचा माल संपला. होलसेलरकडे नाही, यवतमाळला नाही, वणीला नाही. ज्यांच्या घरी कुणाला शिंकही आली नव्हती त्यांनी डबे भरून ठेवले. आमच्या गावात सांधेवाताची एक बाई आहे, शेतात निंदायला जाते. तिला ही गोळी रोज लागते. तिला दीड महिना गोळी मिळाली नाही. बोटं सुजून विळा धरता येईना. जूनमध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीचा निकाल आला, की दवाखान्यात दाखल असलेल्या कोरोनाच्या रुग्णांना या औषधाचा फायदा नाही. तोवर त्या बाईचा हंगाम गेला होता.

त्याच वर्षी, त्याच आजारावर, दुसरं एक आधीपासूनचं औषध वेगळ्या वाटेनं आलं. बॅरिसिटिनिब, तेही सांधेवाताचंच. फेब्रुवारी २०२० मध्ये लंडनच्या बेनेव्हलंट एआय कंपनीच्या लोकांनी आपल्या जाळ्यात शोध घेतला. विषाणू पेशीत ज्या दारानं शिरतो ते दार चालवणारं एक प्रथिन अडवेल आणि शरीराचा भडकाही कमी करेल असं एकच औषध त्यांना हवं होतं. उत्तर आलं बॅरिसिटिनिब. त्यांनी ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापलं. पण छापून झालं म्हणून कुणी ते वाटत सुटलं नाही. चाचण्या झाल्या. नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत आपत्कालीन परवानगी मिळाली, दुसऱ्या लाटेत मे २०२१ मध्ये आपल्याकडेही मिळाली. पुढे रिकव्हरी चाचणीतच ८,००० हून जास्त रुग्णांत मृत्यूचं प्रमाण १३ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं.

दोन्ही औषधं आधीपासूनची, दोन्ही सांधेवाताची, दोन्हींच्या मागे काहीतरी तर्क होता. एकाचा तर्क चाचणीत उतरला, दुसऱ्याचा उतरला नाही. चाचणीच्या आधी दोन्ही सारखीच दिसत होती. हे मी दुकानात येणाऱ्या प्रत्येक शिकल्या पोराला सांगतो.

आणि स्वतःलाही सांगावं लागलं. लॉकडाऊनच्या रात्री मी मोबाईलवरचे फुकटचे वर्ग बघून थोडं पायथॉन, म्हणजे कॉम्प्युटरला सूचना लिहून द्यायची एक भाषा, शिकलो होतो. औषध आणि प्रथिनं यांच्या जोड्यांचा एक मोफत मिळणारा तक्ता घेतला आणि हायड्रॉक्सीयुरियाचे शेजारी कोण ते काढलं. जेमसिटॅबिन वर आलं. बरोबरच आहे, दोन्ही एकाच प्रथिनाला अडवतात. पण जेमसिटॅबिन हे शिरेतून द्यायचं कॅन्सरचं कडक औषध, ते भाचीच्या आसपासही फिरकू नये. माझ्या त्या छोट्या जाळ्यात 'हे लेकराला झेपेल का' असा धागाच नव्हता.

मग एकदा वाचताना मेटफॉर्मिन दिसलं. मेटफॉर्मिन! मधुमेहाची ती साधी पांढरी गोळी, जी माझ्या हातून दिवसाला सगळ्यात जास्त जाते. अमेरिकेतल्या संशोधकांना प्रयोगशाळेतल्या रक्तपेशींमध्ये मेटफॉर्मिननं एचबीएफ वाढताना दिसलं होतं. रात्रीचे अकरा वाजले होते, शटर अर्धं खाली होतं आणि पाठीमागच्या फळीवर मेटफॉर्मिनचे डबे रांगेनं लावलेले. दोन पावलांवर. भाचीला त्याच आठवड्यात पुन्हा झटका येऊन गेला होता. मी उठलो, एक स्ट्रिप काढली, काउंटरवर ठेवली आणि बराच वेळ तिच्याकडे बघत बसलो. मग परत ठेवली. काचेच्या ताटलीतल्या पेशी आणि चोवीस किलोची पोरगी यांच्यामध्ये जे अंतर आहे ते मला माझ्या मायेनं उडी मारून पार करता येणार नव्हतं. पुढच्या खेपेला डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, मीही वाचलंय, पण पुरावा तेवढा नाही, आपण आहे ते नीट देऊ.

'आहे ते नीट' यात किती काम आहे, ते नंतर कळत गेलं. अमेरिकेत मुलांना हायड्रॉक्सीयुरिया किलोमागे २० मिलिग्रॅमपासून सुरू करतात आणि झेपेल तिथवर वाढवत नेतात. त्यासाठी वारंवार रक्त तपासावं लागतं, पांढऱ्या पेशी फार उतरल्या तर औषध थांबवावं लागतं. आमच्याकडे तपासणीला जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी, एसटी आणि सोबत एक माणूस. नागपूरच्या शासकीय मेडिकलमधल्या डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवलं, की किलोमागे १० मिलिग्रॅमच्या ठरलेल्या कमी डोसवरही आपल्या लेकरांचे झटके, रक्त भरणं आणि दवाखान्याच्या खेपा पुष्कळ कमी होतात. भाची २४ किलोची, कॅप्सूल ५०० मिलिग्रॅमची. म्हणून एक दिवसाआड एक. तिच्या औषधाच्या चिठ्ठीवरचं हे साधं गणित नागपूरच्या त्या कामामुळे लिहिता आलं. कुठलंही यंत्र ते हार्वर्डमध्ये बसून काढू शकलं नसतं, कारण त्याच्यासाठी नागपूरच्या वॉर्डातलीच लेकरं पाहावी लागतात.

आपल्या भागातल्या रुग्णांचं रक्तही वेगळं आहे. आपल्याकडचा सिकलसेल ज्या जनुकीय घडणीत येतो तिला अरब-भारतीय म्हणतात, तिच्यात एचबीएफ मुळातच आफ्रिकी वंशाच्या रुग्णांपेक्षा जास्त असतं. त्यावरून पूर्वी असं मानलं गेलं, की भारतातला सिकलसेल सौम्य. विदर्भातल्या लेकरांकडे नीट पाहिल्यावर दिसलं, की तसं नाही. आमच्याकडे तो चांगलाच छळतो. आता यंत्राला जर मुख्यतः परदेशातल्याच नोंदी वाचायला मिळाल्या, तर ते आमच्या लेकरांबद्दल काय सांगेल?

भाचीची जुनी फाईल माझ्याकडे आहे. निदान होण्याआधीचे सहा कागद आहेत, दोन-तीन वेगवेगळ्या दवाखान्यांचे. सहाही कागदांवर लिहिलंय: ताप, अंगदुखी, पॅरासिटामॉल. एकावर 'वाढीचं दुखणं' असंही आहे. सिकल हा शब्द कुठेच नाही. रक्त तपासा, असंही नाही. उद्या एखाद्या यंत्रानं हे कागद वाचले तर त्याला सारखा ताप येणारी एक मुलगी दिसेल, माझी भाची दिसणार नाही. आता १ जुलै २०२३ पासून देशभर सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू आहे, ७ कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य ठरलं, आशाताई घरोघरी येतात, लेकरांच्या हातात कार्ड पडतं. हे फार चांगलं आहे. सोयरीक करताना लोक आता कार्ड मागतात, हेही मी पाहतो आहे आणि प्रत्येक वेळी मला बरं वाटतं. पण कार्डावर 'एसएस' लिहिल्यानंतर त्या लेकराचं वर्ष कसं गेलं, किती रात्री दुखलं, गोळी खरंच पोटात गेली की पेटीत, हे कुणी लिहायचं?

आणखी एक सल आहे. जुनं औषध म्हणजे बहुतेक वेळा स्वस्त औषध. त्याचं पेटंट बहुधा संपलेलं असतं, त्यावर कुणाला मोठा नफा नाही. यंत्रानं उद्या दहा नावं काढून दिली तरी त्यांच्या चाचण्यांचा खर्च कोण करणार? कंपनी कशाला करेल? हा पैसा सरकारनं आणि समाजानं घालायला हवा. स्वस्त औषधाची जास्त गरज कुणाला असते, हे आमच्या भागातल्या कुठल्याही मेडिकलवाल्याला विचारा.

त्या दुपारी मावशी शेवटी एवढंच म्हणाल्या, "मंग हे पयलेच सांगाचं ना, बापू." आणि पेटीतल्या तिन्ही स्ट्रिपा त्यांनी स्वतः उठून सुनेच्या हातात दिल्या.

त्यांच्या स्वयंपाकघरात चुलीच्या बाजूच्या भिंतीवर कालनिर्णय टांगलेलं असतं. एक दिवसाआडचा हिशोब चुकू नये म्हणून बहिणीनं एक युक्ती काढली. कॅप्सूल दिली की त्या तारखेवर आपली एक लाल टिकली चिकटवायची. भाचीनं त्यात आपली भर घातली. ज्या दिवशी दुखतं त्या चौकटीत ती पेन्सिलीनं छोटा विळा काढते. फार दुखलं तर दोन. तापाच्या दिवशी तिनं विळ्याला पात्यावर रेघा मारल्या आहेत, त्या का ते तिलाच माहीत. फेब्रुवारीच्या पानावर सात विळे होते, मार्चमध्ये पाच. एप्रिलच्या लग्नसराईत पाणी कमी प्यायली, तिथे पुन्हा चार सलग. पावसाळा लागेपर्यंत पानं बरीच मोकळी झाली होती. एका लेकराच्या एका वर्षावरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. पण मी प्रत्येक पानाचा फोटो काढतो, तारखा तक्त्यात भरतो आणि रक्ताच्या रिपोर्टसोबत डॉक्टरांना नेऊन देतो. गेल्या खेपेला त्यांनी ते पाच मिनिटं शांतपणे पाहिलं, भाचीचं वजन केलं, २७ भरलं आणि डोसचा पुन्हा हिशोब मांडला. गावातल्या आणखी तीन घरांत आता असंच कॅलेंडर लागलं आहे, टिकल्या मी दुकानातून देतो.

परवा महिना संपला तेव्हा मी तिथेच होतो. मावशींनी पान फाडलं. आमच्याकडे जुनं पान फळीवर डब्यांखाली अंथरतात, नाहीतर पोरं वहीला कव्हर घालतात. मावशींनी ते चार घड्या घालून दुमडलं, टिकल्या निघू नयेत म्हणून वरून हात फिरवला, पेटी उघडली आणि लुगड्यांच्या खाली, आधीच्या पानांवर ठेवून दिलं.